कठडा नसलेला झोका

॥ श्री ॥

मेहरूण, जळगाव
दि. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. मोनाली हिस,
हेमराजभाऊचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन करायचा सोडून पत्र लिहितोय म्हणून हसू येत असेल तर पोटभर हसून घे. फोनवर दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवून देतेस. कागद ठेवून दिला तरी त्यावर लिहिलेलं जात नाही. शिवाय सोबत नकाशा जोडलाय, तो फोनवर सांगता येत नाही.

तुमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसचं काम मला मिळालं, हे पंडित आबांनी सांगितलं असेलच. समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी यादी वाचून दाखवली: एक घसरगुंडी, दोन झोके, एक सी-सॉ, आणि भूमिकासाठी कोपऱ्यात काहीतरी. मी तिथल्या तिथे सांगितलं की माझी भाची 'काहीतरी'वर बसणार नाही. मैदान एकच होईल. पळणारं पोर आणि चाकाच्या खुर्चीतली पोर, दोघं एकाच गेटाने आत येतील आणि एकाच वस्तूवर खेळतील. आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घराची भिंत पाडायला आलोय.

आता नकाशा समोर धर. गेटाजवळ गुरं अडवायला ते लोक आडव्या पायपा टाकणार होते, त्या मी काढायला लावल्या. खाली वाळू नाही. वाळू दिसते मऊ, पण खुर्चीचं पुढचं चाक तिच्यात रुततं. म्हणून रबराची लादी. फिरती चकती जमिनीच्या पातळीत बसेल, कडेला बोटभर उंबरठासुद्धा नाही. खुर्ची सरळ आत जाईल आणि बाकीची पोरं भोवती उभी राहतील. घसरगुंडीला शिडीसोबत उतार.

आणि झोका. खुर्चीसकट बसायचा सपाट लोखंडी पाट, वर येताना उतार होणारी झडप, चाकांना अडकण. पण हा पाट रिकामा असला तरी सिमेंटच्या दोन गोण्यांएवढा जड आहे. हलत असताना त्याची कड खाली बसलेल्या पोराच्या डोक्याच्या उंचीवरून जाते. म्हणून त्याला चारी बाजूंनी कठडा राहील. आत बसणारी पोर आणि ढकलणारं एक मोठं माणूस, बस. नववीनंतर मी शाळेची पायरी चढलो नाही, पण बाहेरच्या देशांत मैदानं कशी बांधतात त्याचे नियम शब्दाशब्दाला अडत वाचलेत. यात बदल होणार नाही.

भूमिकाच्या खुर्चीची रुंदी चाकाच्या बाहेरून मोजून पाठव. आतून नको. तू नेहमी आतून मोजतेस.

रागावलीस तरी चालेल, पण माप बिनचूक पाठव.
तुझा,
हेमराजभाऊ


देवपूर, धुळे
दि. २१ जानेवारी २०२५

तीर्थरूप भाऊस,
मोनालीचा शि. सा. न. वि. वि.

नकाशा मिळाला. तुम्ही त्यात कडुनिंबाच्या बुंध्याचंही माप टाकलंय. झाडाला विचारलं होतं का? भूमिकाच्या पप्पांनी नकाशा कपाटाच्या दाराला चिकटवला आणि ती सकाळपासून त्याच्यासमोर खुर्ची लावून बसली आहे. खुर्चीचं माप वेगळ्या चिठ्ठीवर आहे. बाहेरूनच घेतलंय.

भाऊ, सगळं आवडलं. कठडा आवडला नाही.

तुम्ही इथे राहत नाही, म्हणून सांगते. संध्याकाळी पोरं खेळतात तेव्हा भूमिकाला कच्चा लिंबू करतात. म्हणजे खेळात घ्यायचं, पण मोजायचं नाही. आऊट झाली तरी आऊट नाही, राज्य आलं तरी तिच्यावर नाही. पोरं वाईट नाहीत, उलट फार जपतात. पण नऊ वर्षांची झाली ती, अजून कच्चा लिंबूच. मागच्या आठवड्यात तिने मला विचारलं की मी पिकणार कधी. मला हसू आलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

एकच पोर तिला खरोखर खेळवते. समोरच्या घरातले अभिमनभाऊ, एसटीवर ड्रायव्हर आहेत, त्यांची दर्शना. भूमिकाचं बोलणं इतरांना नुसता आवाज वाटतो. दर्शनाला शब्द कळतात. कित्येकदा माझ्याआधी कळतात. ती समोर उभी राहून बाकीच्यांना सांगते, ही असं म्हणतेय, ही तसं म्हणतेय. कठडा घातला की दर्शना बाहेर. मग आत माझी पोर आणि मी, आणि बाहेर बघणारे. आम्ही तुम्हाला मैदान मागितलं होतं, पिंजरा नाही.

कठड्याशिवाय करता येत असेल तर करा. नसेल तर तो झोका राहू द्या, तिथे फुलझाडं लावू.

आईच्या गुडघ्याला तेल लावताय ना? लहान तोंडी मोठा घास घेतलाय, पोटात घाला, आणि माया कमी करू नका.
तुमची,
मोनाली


मेहरूण, जळगाव
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. मोनाली हिस, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी ते खिळ्याला टोचून ठेवलं आणि दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून काम केलं. मग पुन्हा वाचलं. फुलझाडं लावू म्हणतेस! मी काय माळी आहे?

कठडा कशासाठी असतो? झोका लांब जातो म्हणून. तो लांब गेलाच नाही तर? वरच्या आडव्या पाइपला, जिथे झोका टांगला आहे तिथे, मी दोन स्टॉपर बसवले. पाट हातभर पुढे, हातभर मागे, तिथे टेकतो आणि परततो. रबरावर टेकतो, म्हणून धक्का बसत नाही. पोरं चार दिवसांत शिकतील की तो कुठवर येतो, आणि त्याच्यापुढे निवांत बसतील. हे कुठल्याच पुस्तकात नाही. माझं आहे. यावलच्या एका शाळेने फोटो बघून असाच झोका मागितला, त्यांनाही करून देतोय.

तपासून घेतलाय. मी स्वतः खुर्ची घेऊन बसलो आणि तुझ्या वहिनीला ढकलायला लावलं. ती म्हणाली की लग्न होऊन एवढी वर्षं झाली, मला कधी झोका दिला नाही आणि आता मलाच ढकलायला लावता. जोर सगळा काढला तिने. स्टॉपर हलला नाही.

आता नीट वाच. महिन्यातून एकदा वरच्या दोन्ही बेअरिंगला ग्रीस द्यायचं. त्यासाठी कापडी पिशवीत पाना आणि ग्रीसचा डबा ठेवतोय, ती पिशवी तुझ्याकडे राहील, वॉचमनकडे नाही. तुला पाना धरता येतो, त्याला येत नाही. स्टॉपरचे बोल्ट त्याच पान्याने निघतात. त्यांना हात लावायचा नाही. एक तर कठडा, नाहीतर स्टॉपर. दोन्ही नाहीत असं घटकाभरही नको.

तुझ्या हट्टापुढे मी वाकलो, असं आईला सांगू नकोस. मी सुधारणा केली.
तुझा,
हेमराजभाऊ


देवपूर, धुळे
दि. १८ एप्रिल २०२५

तीर्थरूप भाऊस, मोनालीचा शि. सा. न.

पाडव्याला मैदान उघडलं, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय, पण संध्याकाळी घरात असतं कोण! पंडित आबांनी उद्घाटनाला झोक्याभोवती चक्कर मारली आणि विचारलं की हाई काय शे, झोका शे का वजनकाटा शे? मग गुपचूप नातवाला त्यावर बसवून स्वतःच ढकलत होते.

तुमच्या चकतीवर बठ्ठी कॉलनी फिरते, घरात कोणी उरत नाही. मधे भूमिका, भोवती सात-आठ पोरं. आणि भाऊ, परवा तिच्यावर राज्य आलं. खरंखुरं. ती चकतीवर बसून डोळे मिटून आकडे म्हणत होती आणि पोरं लपत होती. तिचे आकडे तिच्या वेगाने होतात, तेवढा वेळ सगळी थांबली. एकाने घाई केली तर दर्शनाने त्याचा शर्ट धरला. घरी आल्यावर पोरीने जेवताना मला सांगितलं की आज मी पिकले.

झोक्याचा त्यांनी वेगळाच खेळ केलाय. पाट जिथे टेकतो तिथे दर्शना गुडघ्यावर बसते आणि समोर आला की दोन्ही तळव्यांनी धरून परत ढकलते. तुम्ही म्हणाला होतात तसंच, पोरांना बरोबर कळलंय तो कुठवर येतो. ढकलायला मोठं माणूस लागतच नाही.

एक तक्रार आहे, ती तुमच्या भाचीची. निंबाच्या झाडाखालच्या झोक्यांवर पोरी उंच जातात. भूमिका म्हणते, त्यांचे झोके उडतात आणि माझा चालतो. मी सांगितलं की मामाने तसाच बनवलाय. तर म्हणाली, मामाला विचार.

यंदा आखाजीच्या सणाला मला माहेरी धरू नका. इथल्या बायका मैदानातच झोके बांधणार आहेत, गौराईची गाणी म्हणणार आहेत, आणि भूमिकाला पहिल्यांदा त्यात बसता येणार आहे. वहिनीच्या सांजोऱ्या मात्र सोडणार नाही. धुळ्याच्या कोणत्याही गाडीत कंडक्टरकडे द्या, अभिमनभाऊ डेपोतून आणतील.

दूर असले तरी घासातली आठवण ठेवा.
तुमची,
मोनाली


मेहरूण, जळगाव
दि. ७ मे २०२५

चि. मोनाली हिस, आशीर्वाद.

धुळ्याहून परत आल्यापासून वर्कशॉप बंद ठेवलंय. तिथे मी तुझ्याशी धड बोललो नाही. दवाखान्याच्या त्या बाकावर तुझ्याकडे बघवत नव्हतं.

अभिमनभाऊंना मी जे सांगितलं ते तुला माझ्याकडूनच कळावं. आखाजीच्या संध्याकाळी पाट स्टॉपरवर थांबला नाही, पुढे गेला आणि गुडघ्यावर बसलेल्या दर्शनाच्या डोक्याला लागला. स्टॉपर मी केला होता. म्हणून दोष माझ्या कामाचा, कॉलनीचा नाही आणि ढकलणाऱ्या बायकांचाही नाही, असं मी त्यांच्यापुढे आणि पंडित आबांपुढे उभं राहून सांगितलं.  अभिमनभाऊंनी एवढंच विचारलं की तुम्हाला मुलगी आहे का. मी म्हणालो, भाची आहे. ते उठून आत गेले.

समितीने झोका उचलायला सांगितलाय. रविवारी टेम्पो पाठवतोय. दोन शाळांनी ऑर्डर रद्द केल्या, त्यांचं बरोबर आहे. यावलला जाऊन तिथल्या झोक्याला साखळी घालून कुलूप लावलं. कुलूप लावताना ज्या पोरासाठी तो बसवला होता ते बाजूलाच खुर्चीत होतं. 

मला आता खरं कारण हवंय, नाहीतर यावलचं कुलूप काढता येणार नाही. म्हणून आठवून लिही. स्टॉपर तुटल्याचा आवाज आला का? आला तर एकदाच, की आधी बारीक, मग मोठा? पाटावर भूमिकाशिवाय कोण होतं? ढकलत कोण होतं, आणि आधीचे दोन-चार झोके नेहमीसारखे गेले का? गोल गोल लिहू नकोस.

भूमिकाच्या डोक्यावरून माझा हात फिरव.
तुझा,
हेमराजभाऊ


देवपूर, धुळे
दि. १५ मे २०२५

तीर्थरूप भाऊस, शि. सा. न.

दर्शनाने डोळे उघडले. आईला ओळखते, पाणी मागते. उजवा हात उचलत नाही, आणि शब्द शोधून शोधून बोलते. वर्षभर गेल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणतात. पुढच्या आठवड्यात घरी सोडतील.

भूमिका बोलत नाही. खाते, झोपते, खिडकीत बसते. विचारलं तर मान दुसरीकडे करते. जिन्यात मला बघून बायका आवाज खाली घेतात. त्यांच्यातल्या दोघींनी त्या दिवशी माझ्यासोबत झोका ढकलला होता, त्या तर भाजीलाही माझ्याआधी जाऊन येतात.

तुम्ही विचारलंत त्याचं काय लिहू? गाणी चालली होती, टाळ्या चालल्या होत्या. आवाज आला की नाही ते आठवत नाही. पाटावर भूमिका एकटीच होती.

तुम्ही एवढ्या घाईने दोष अंगावर घ्यायला नको होता, भाऊ. आधी बघायचं तरी होतं.

टेम्पोवाल्यासोबत झोका गेला. तुमची पाना-ग्रीसची पिशवीही त्यातच दिली आहे.

जास्त लिहवत नाही. रागावू नका.
मोनाली


मेहरूण, जळगाव
दि. २५ मे २०२५

मोनाली,
आशीर्वाद.

झोका उतरवून घेतला आणि सुटा केला. दिवसभर एकेक भाग कापडाने पुसून बघितला.

स्टॉपर तुटलेले नाहीत. झिजलेले नाहीत, वाकलेले नाहीत. ते पाइपवर नव्हतेच. भोकांच्या कडा नव्या असाव्यात तशा आहेत. मग पिशवी उघडली. तळाशी फडक्यात दोन्ही स्टॉपर आणि त्यांचे चारही बोल्ट होते. प्रत्येक बोल्टवर त्याचा वॉशर, त्यावर त्याचा नट, दोन आटे फिरवून ठेवलेला. काढलेला नट त्याच बोल्टला लावून ठेवायचा, म्हणजे हरवत नाही. एवढी शिस्त तुमच्या कॉलनीत दुसऱ्या कोणाच्या हाताला नाही. तू शाळेतून येऊन वर्कशॉपच्या पायरीवर बसायचीस, तेव्हा ती मीच लावलेली आहे.

पिशवी तू मुद्दाम पाठवलीस की विसरून, ते मला ठरवता आलं नाही. आणि तू का काढलेस तेही विचारत नाही. तुझं एप्रिलचं पत्र माझ्याकडे आहे.

खरं लिहितो. बोल्ट हातात घेतले तेव्हा आधी मला बरं वाटलं. माझं काम चुकलं नव्हतं. भट्टीसमोरून उठून मी सरळ उभा राहिलो, इतकं बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच शिसारी आली. पोरीचा हात उचलत नाहीये, आणि मी कशाने ताठ होतोय? त्यानंतर तुझा राग आला. तो अजून आहे. फोन केला असता तर तू ऐकू शकली नसतीस असं बोललो असतो, म्हणून केला नाही.

आता माझं ऐक. हे कोणाला सांगायचं नाही. दोष माझ्या नावावर पडलाय, तो तिथेच राहू दे. माझं नाव मी पुन्हा कमवीन, नाही कमावलं तर खिडक्यांच्या जाळ्या करून पोट भरीन. पण तू बोललीस तर कॉलनीत तुझ्याशी बोलणं बंद होईल. आईशी बोलणं बंद झालं की पोरं आपोआप लांब जातात, त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्या पोराला वाळीत टाकलं तर ते पळत पुढच्या गल्लीत जाऊन नवे सोबती शोधतं. भूमिकाला ती सोय नाही. तिला जे काही आहे ते त्या एका मैदानात आहे.

यावलला जाऊन चारी बाजूंनी कठडा बसवून आलो. कुलूप काढलं.

हे पत्र वाचून फाडून टाक.
हेमराज


देवपूर, धुळे
दि. २२ जून २०२५

तीर्थरूप भाऊस,
मोनालीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते.

आखाजीला सकाळी मी शिडी लावून झोक्याच्या वरच्या पाइपला आंब्याच्या डहाळ्या बांधत होते. भूमिका खाली. निंबाखाली पोरी झोके घेत होत्या आणि तिची नजर त्यांच्यासोबत वर जात होती, खाली येत होती. मग ती म्हणाली, आजच्या दिवस मलाही उडव. पिशवी शिडीला अडकवलेली होती, ग्रीस द्यायचंच होतं. मी म्हटलं, संध्याकाळपुरतं. उद्या सकाळी परत लावीन. सगळ्या बारक्या पोरांना मी स्वतः लांब उभं केलं, भाऊ, एकेकाचा हात धरून केलं. दर्शनाला केलं नाही. ती मला त्या पोरांतली वाटलीच नाही, ती भूमिकाचीच वाटली. भूमिका पहिल्या दोन झोक्यांना इतकी मोठ्याने हसली की बायकांनी गाणं थांबवलं. आणि दर्शना आपल्या जागेवर गुडघ्यावर बसली, रोज बसते तशी.

तुमचं ऐकून मी गप्प राहिले. वीस-बावीस माणसांच्या तोंडून तुमचं नाव ऐकत राहिले. गेल्या आठवड्यात दर्शनाला बघायला भूमिकाला घेऊन गेले. तिच्या आईनेच बोलावलं होतं. म्हणाली की पोर सारखी हिच्याबद्दल विचारते. भूमिकाची खुर्ची कॉटजवळ लावली. आणि इतक्या दिवसांत एक शब्द न बोललेली माझी पोर बोलायला लागली. खूप बोलली. दर्शनाच्या आईला नुसता आवाज ऐकू येत होता, ती कौतुकाने हसत होती. मला सगळं कळत होतं.

दर्शनाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने आईला सांगितलं, एकेक शब्द शोधत, नेहमी सांगायची तसं, की ही म्हणतेय हिच्या मम्मीने बोल्ट काढले, हिनेच काढायला लावले, मामाची चूक नाही.

भाऊ, त्या वेळी मला म्हणता आलं असतं की छे, ती असं काही म्हणत नाहीये. कोणाला कळलं असतं? डोक्याला लागलेली पोर आणि बोलता न येणारी पोर. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी हो म्हणाले.

अभिमनभाऊ संध्याकाळी खाकी कपड्यांतच दारात आले. ओरडले नाहीत. म्हणाले की धुळ्यापासून सोनगीरपर्यंतच्या एकेका स्टॉपला मी तुमच्या भावाला शिव्या दिल्यात, त्या आता परत कशा घेऊ ते सांगा.  मग म्हणाले की तुमची पोर आमच्या दारात पुन्हा नको. तिने काही केलं नाही हे मला कळतं, पण नको.

समितीत काहींनी बाकीचंही उखडा म्हटलं. पंडित आबा आडवे आले. पोरनी काय चूक शे, असं त्यांनी चारदा विचारलं, म्हणून ते राहिलं. त्यांनी तुम्हाला फोन करायचं कबूल केलंय.

तुम्ही जे लिहिलं होतं तसंच झालं. भूमिका गेटातून आत गेली की गॅलऱ्यांतून हाका सुरू होतात. कोणाचं दूध गार होतं, कोणाचा अभ्यास राहिलेला असतो. पोरं जाताना तिला हात करतात, तेवढं करतात. काल ती मला म्हणाली, तू घरी जा, तू असतेस म्हणून येत नाहीत. मी वर आले आणि खिडकीतून बघत राहिले. ती चकतीवर गेली, चाकांचे ब्रेक लावले आणि मधे बसून राहिली. चकती आपोआप फिरत नाही. अंधार पडायला लागला तेव्हा मी खाली गेले आणि ढकलू का विचारलं, तर म्हणाली, तू नको.

एकच विचारायचंय. कोणाच्याही मदतीशिवाय, तिला एकटीला ती फिरवता येईल असं काही करता येतं का?

मला आशीर्वाद लिहू नका, तिला लिहा.
मोनाली


मेहरूण, जळगाव
दि. ६ जुलै २०२५

चि. सौ. मोनाली हिस, अनेक आशीर्वाद. दोघींनाही.

पंडित आबांचा फोन आला. शाळांचेही आले. एकाने तर अभिनंदन केलं. मी त्यांना अजून काही उत्तर दिलेलं नाही. तू सांगायला नको होतंस, असं मला पत्र वाचेपर्यंत वाटत होतं. 

करता येतं. सोपं आहे. चकतीच्या मधोमध जमिनीत पक्का खांब रोवायचा, तो फिरत नाही. त्यावर आडवं, न फिरणारं चाक, मोटारीच्या स्टेअरिंगसारखं. खुर्चीत बसलेल्याने ते धरून ओढलं की चाक जागेवर राहतं आणि चकती खुर्चीसकट फिरते. दोन दिवसांचं काम.

मापं लागतील. तिला खुर्चीत नेहमी बसते तशी बसव, ताठ करू नकोस. जमिनीपासून कोपरापर्यंत उंची. छातीपासून मुठीपर्यंत अंतर, हात पूर्ण न ताणता. डाव्या हाताचं माप वेगळं घे, तो कमी पोचतो. आणि मूठ मिटल्यावर आत केवढी जाडी मावते, ते कागदाची सुरळी देऊन बघ.

काल चाकाचं चित्र काढलं. एका माणसाच्या बेताचं काढलं, मग खोडलं. चाक मोठं करतोय. तिच्या समोरच्या बाजूला आणखी दोन हातांना जागा राहील. यात खर्च वाढत नाही आणि तिला जडही होणार नाही, मोजून बघितलंय.

चाकाला पिवळा रंग देणार आहे, एकच हात, वर पॉलिश नाही. हाताळलं की असा रंग महिन्याभरात उडतो आणि खालचं लोखंड चकाकायला लागतं. तिच्या बाजूचा उडेलच. समोरच्या बाजूचा उडतोय का, ते मी दर खेपेला आलो की बघत जाईन.

मापं लवकर पाठव.
तुझा,
हेमराजभाऊ